ओझोन मोजणारे भाऊजी

घरातल्या डाळ-तांदळापेक्षा आभाळात काय कमी-जास्त आहे याची काळजी वाहणारा माणूस मी अख्ख्या नागपुरात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला! भाऊजी हवामानाच्या कचेरीत होते. तिथल्या गच्चीवरचं लांबलचक यंत्र भरदुपारी सूर्याकडे लावायचं आणि ढगांच्याही पार वर, उन्हातलं विष गाळणारा ओझोन किती आहे ते मोजायचं, ही त्यांची नोकरी. नोकरी कसली, व्रतच ते! माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यांच्या हाती होतं. मंगलाष्टकं लांबली, बारा वाजत आले, तसं ते टोक चक्क भटजींच्या हाती देऊन त्यांनी सायकलवर टांग टाकली. वर ओरडले, "सूर्य थांबते काय गा कोणासाठी?"

ब्याऐंशीची दिवाळी झाली आणि त्यांचे आकडे घसरू लागले. साहेब म्हणाले, "तुमचे डोळे गेले. मागच्या वर्षीचं पाहून आकडे जुळवा, नाहीतर यंत्र दुसऱ्याकडे देतो." भाऊजींनी एक आकडा खोडला नाही, पण मनातून पार हादरले. यंत्र गेलं तर त्यांच्याजवळ उरणार काय? मला सोबत घेऊन त्यांनी धंतोलीतले तीन डॉक्टर पालथे घातले. डोळे ठणठणीत आहेत असं तिसऱ्यानेही वैतागून सांगितलं, तेव्हा आनंद व्हायचा सोडून यांचा चेहरा उतरला. "मंग कमी काहून दिसून राहिलं?"

आणि एक दिवस भर वर्गात, मी पोरांना पाढे शिकवत असताना, भाऊजी धापा टाकत घुसले. हातात वरच्या कचेरीचं पत्र! मेक्सिकोत ज्वालामुखी फुटला होता, त्याचा गंधकी धूर थेट ओझोनच्या थरापर्यंत चढून पृथ्वीभर पसरला होता. त्यानेच ओझोन घटला असावा, तुमचे आकडे जसेच्या तसे पाठवा, असं लिहिलं होतं. "ज्वालामुखी होता गा, ज्वालामुखी! माह्या डोळ्याईले काही नाही झालं! यंत्र माह्याचजवळ राहिलं!" पोरांना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या.

संध्याकाळी आम्ही वाडीच्या रस्त्याने सायकली हातात धरून चाललो होतो. सूर्य बुडूनही आभाळ कधी नव्हे इतकं लालजांभळं झालं होतं, ट्रकवाले खाली उतरून बघत उभे होते. सगळी त्या धुराचीच करणी. भाऊजी एकाएकी थांबले.

"म्हणजे ओझोन खरंच कमी झाला ना गा," ते हळूच म्हणाले. "माहे डोळेच गेले असते तं बरं झालं असतं."

मी खो खो हसलो. आज भाऊजी नाहीत, आणि तेव्हा हसलो याचं मला फार वाईट वाटतं.