चांदण्या मोजणारे विश्राम धुरी

अर्जदार: खाली सही करणार, अर्जलेखक, बैठक घाटकोपर पश्चिम, रेशन कचेरीच्या भिंतीलगत. ज्यांच्याविषयी अर्ज: कै. विश्राम धुरी, मूळचे मालवणकडचे, हुद्दा माल तपासनीस. काळ: गिरण्यांचा संप चिघळला आणि गिरणीची माणसे मिळेल त्या कामाला लागली, ती वर्षे. साक्षीदार पहिले, बाबू साळवी, मशीनवाले. साक्षीदार दुसऱ्या, राधाबाई, धुरींच्या पत्नी. तिसरा साक्षीदार हा एक कागद असून तो माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे.

धुरींना मी प्रथम पाहिले ते रेशनकार्डाच्या अर्जासाठी आले तेव्हा. रांग मोठी होती म्हणून ते माझ्या टेबलाशीच डबा उघडून जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी सुक्या बांगड्याचा एक लांब काटा स्वच्छ चाटला, रुमालाला पुसला आणि पेन ठेवावे तसा वरच्या खिशात खोचला. मी चमकून पाहिले. ते म्हणाले, "तुमचा पेन, माझो काटो. धंद्याची वस्तू."

धुरी कामाला होते त्या टेकडीखालच्या गाळ्यात खड्या मसाल्याच्या पाकिटांसाठी प्लॅस्टिकचा थरांचा कागद बनत असे. साध्या पिशवीला लवंगेचा देठ आणि चक्रफुलाची टोके भोके पाडतात, सबब तेथे तीन थर डिंकाने एकमेकांस चिकटवत: बाहेर चिवट पारदर्शक, मध्ये चांदीसारखी पातळ पत्री, आत मऊ प्लॅस्टिक. धुरी त्या कागदाचा तुकडा स्टीलच्या पेल्यावर ताणून बांधत आणि काट्याचे टोक त्यावर दाबत. "लवंग टोचता, चक्रफूल टोचता, पण बांगड्यापुढे सगळी पोरां," असे ते म्हणत. मग काच बसवलेल्या टेबलाखाली दिवा लावून अख्खे भेंडोळे त्यावरून सरकवत. पत्रीला सुईच्या अग्राएवढे भोक असले तरी काळ्या आभाळात चांदणी दिसावी तसा तेथे ठिपका उजळे. रोज सकाळी गाळ्यात पाऊल टाकताच त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "आज चांदण्यो किती पडल्यो, रे?"

या प्रश्नाला कोणी हसत नसे. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात वीस वर्षे कापडाचे दोष हुडकून त्यांचा अंगठा तरबेज झाला होता आणि मन कठीण. ज्याच्या भेंडोळ्यात चांदणी निघे, त्याच्या गळ्यात ते तो सदोष तुकडा सुतळीने बांधत आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढू देत नसत. कोणी गयावया केली तर म्हणत, "वास भायर पडलो की मसालो मेलो. मेलेल्याचा सुतक कोणी पाळायचा? मी?" एका विधुर मशीनवाल्याला त्यांनी बायकोच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीही तुकडा बांधला होता. धुरी चांगले होते असे मी कोठेही लिहिलेले नाही. ते खरे होते, एवढेच लिहितो.

एके दिवशी बाबू साळवींच्या भेंडोळ्यात अकरा चांदण्या निघाल्या. गळ्यात तुकडा असतानाच साळवींची बायको डबा घेऊन आली. तिने पाहिले, आणि ती हसली. सगळ्यांबरोबर हसली.

त्या संध्याकाळी साळवी आणखी दोघांना घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, असा लिवा, की म्हातारा परत उठला नाय पायजे."

मी सातवीपर्यंत शिकलेला आहे, तरीही माझ्या मसुद्यात वकिलांना काना-मात्रा बदलावी लागत नाही. मी त्यांना समजावले, "गळ्यात तुकडा बांधला ही तक्रार होत नाही. शेठ म्हणेल, बरे केले. नुकसान दाखवावे लागते."

"मग काय दाखवू?"

"भोके तोच पाडतो, असे म्हणा. सुईने. तुमच्यावर डूख धरून."

तिघांपैकी एक जण हळूच म्हणाला, "पण तो असा नाय करत, यार."

"मग घरी जा," मी म्हणालो.

साळवींनी सही केली. मग इतर दोघांनी. सुई त्यांनी आणली नव्हती, ती मी पुरवली. हे वाक्य मी आजवर कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही.

शेठकडे त्याच सुमारास मालाची एक मोठी खेप परत आली होती आणि त्यांना कोणीतरी दोषी हवाच होता. धुरींना दुसऱ्या दिवशी काढले. ज्याने मालाला मुद्दाम भोके पाडली त्याला दुसऱ्या कोणत्या गाळ्यात उभे करणार?

आठवड्याने धुरी उत्तर लिहून घेण्यासाठी माझ्याकडेच आले. अक्षरांशी त्यांची ओळख बेताची होती. शेठने हातात ठेवलेला तक्रारीचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. माझेच अक्षर. मी चेहरा स्थिर ठेवला, चार प्रतींना पुरेल असे कार्बन लावले आणि उत्तर लिहू लागलो. पहिले पान संपताच त्यांनी सवयीने ते उचलले आणि उन्हासमोर धरले.

मी पूर्णविराम दाबून देतो. चौथ्या प्रतीपर्यंत उमटला पाहिजे म्हणून पेन असे टेकवतो की वरच्या कागदाला प्रत्येक वाक्याअखेर बारीक भोक पडते. माझ्या धंद्यातला हा दोष मला ठाऊक होता, पण तो कोणी पाहील असे वाटले नव्हते. धुरींनी तक्रारीचा कागदही उचलला, शेजारी धरला आणि दोन्हींच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"एकच मशीन," ते म्हणाले.

मी कार्बनच्या कडा जुळवू लागलो.

"सुई खंय गावली तुका, मास्तर?"

"मी फक्त लिहितो. सांगणारे सांगतात."

"साळव्याची अक्कल भेंडोळ्यापुरती. सुई त्याची न्हय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "असा लिव, की ही सुई माझी. तुझ्या नावान लिव. मग मी जातंय."

मी उत्तर दिले की, अर्जलेखक पक्षकाराची गोष्ट बाहेर फोडत नाही, तो धंद्याचा नियम आहे. असा नियम कोठेही नाही. त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले, काट्याशेजारी. "गळ्यात बांधूक माझ्याकडे सुतळी नाय आज," एवढेच म्हणून ते गेले. ते कागद घेऊन ते शेठकडे गेले तेव्हा रखवालदाराने त्यांना फाटकातूनच परत ढकलले.

दोन महिन्यांनी मशीन धुताना रोलरवर सुकलेल्या डिंकाचा एक खडा सापडला. भोके त्याची होती. तो साळवींनी खरवडून टाकला आणि कोणी धुरींना बोलावले नाही. मलाही हे कळले होते. मीही कोणाला काही सांगितले नाही.

पुढे साळवी एकदा हसत सांगत आले, "म्हातारा देवनारच्या कचऱ्यावर प्लॅस्टिक येचतो. आपलीच पाकिटं. भंगारवाला घेत नाय ती, तीन थर सुटत नाय ना! तरी हा येकेक उचलतो, उन्हात धरतो, मग फेकतो." मीही हसलो होतो. साळवींच्या बायकोसारखाच, सगळ्यांबरोबर.

धुरी वारल्यावर राधाबाई मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज लिहून घेण्यासाठी आल्या. मी अगदी हलक्या हाताने लिहिले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीवरून बोट फिरवले.

"भोक नाय," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितल्यानी, त्याच मास्तराकडसून लिवन घे आणि पाठ बघ." मग पिशवीतून तो जुना तक्रारीचा कागद काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "शिकलास तर. पण तेंका जावन धा दिस झाले."

सबब, बाबू साळवी व इतर दोन सही करणारे यांस विनंती की, सदर तक्रार मागे घेण्याचा मसुदा मी तयार केला असून त्यात सुई पुरवणाऱ्याचे नाव प्रथम लिहिले आहे. आपल्या तीन सह्यांची जागा कोरी ठेवली आहे. सह्यांसह तो कागद राधाबाईंना नेऊन द्यावयाचा आहे. माझी बैठक तीच आहे. आपण रोज समोरून जाता. कृपया लेखी उत्तर द्यावे.