कल्याणहून आणलेली लेन्स

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ आमचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा मला कॅमेऱ्यातलं काहीच कळत नव्हतं. पण स्टुडिओत येणाऱ्या बायका माझ्या नवऱ्यासमोर चेहरा उघडा करायला लाजायच्या. दारातूनच विचारायच्या, "अंदर कोई औरत नहीं है क्या?" आणि परत जायच्या. मग ह्यांनी मला शिकवलं. बाहेरचे, लग्नाचे फोटो हे काढायचे, डार्करूमही त्यांच्याकडेच. मागच्या खोलीत खुर्चीवर बसणाऱ्या बायका आणि मुली माझ्याकडे.

कॅमेरा लाकडी, मोठा, तीन पायांच्या स्टँडवरचा. डोक्यावरून काळं कापड घ्यायचं. आत मागच्या काचेवर समोरचा चेहरा उलटा दिसायचा. तो स्वच्छ दिसेपर्यंत चाक फिरवायचं, मग "हलू नका" म्हणून, एक-दोन म्हणेपर्यंत लेन्सचं झाकण उघडं ठेवायचं. मला त्या कापडाखाली फार बरं वाटायचं. घरात दुसरी कुठलीच जागा इतकी माझी नव्हती.

एका हिवाळ्यात फोटो बिघडायला लागले. सगळे नाही, पण बरेच. चेहऱ्यावर साय धरल्यासारखं दिसायचं. एका मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायचा होता. तिची आई तो घेऊन परत आली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बेटी, ये मेरी लडकी लगतीच नहीं. धुंदला है." भांडली नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ह्यांनी फोटो उजेडात धरून पाहिला. "लेन्स गेली आपली. किती जुनी आहे! आता पोर्ट्रेटची चांगली लेन्स घेऊनच टाकू."

कल्याणला एक वयस्कर फोटोग्राफर आपलं दुकान आवरत होते. त्यांच्याकडे परदेशी लेन्स होती, खास चेहऱ्यांसाठी बनवलेली. तिच्या किमतीत जवळच्या टेमघरला आम्ही घरासाठी जागा घेऊ शकलो असतो. पण ह्यांनी त्याचा बाऊ केला नाही. "लेन्स कमावून देते," म्हणाले. मी हो म्हटलं. मी त्या वेळी कशालाही हो म्हटलं असतं. दोष लेन्सचाच असावा, एवढंच मला हवं होतं.

कारण मला वडील आठवत होते. माझं माहेर जवळच्या पूर्णा गावचं, घरी भातशेती. वडिलांची नजर चाळिशीच्या आतच गेली. काचबिंदू. आधी कुणालाच कळलं नाही. भर दुपारी ते मला विचारायचे, "आज धुकं हाय का गं?" मी लहान होते, मला हसू यायचं. मग ते बांधावरून चालताना ठेचकाळायला लागले, ताटातली भाकरी चाचपून शोधायला लागले. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. हे रक्तातून उतरू शकतं, असं डॉक्टर आईला हळू आवाजात सांगत होते आणि मी शेजारीच उभी होते.

आता सकाळी केर काढताना मी दारात थांबायचे. एक डोळा झाकून नाक्यावरच्या पाट्या वाचायचे, मग दुसरा झाकून. वाचता यायच्या. पण त्या पाट्या मला पाठच होत्या, म्हणून त्याचाही भरवसा वाटेना. कापडाखालीही तेच. काचेवरचा चेहरा खरंच स्वच्छ झालाय की मला नुसता तसा वाटतोय, हेच कळेनासं झालं.

कल्याणच्या गृहस्थांनी लेन्स वापरून बघायला दिली. "घाई करू नका. मनासारखी वाटली तरच ठेवा," म्हणाले. ह्यांनी ती मखमलीच्या डबीतून काढून कॅमेऱ्याला बसवली. दुसऱ्या दिवशी दोन बहिणी फोटोला आल्या. मी कितीतरी वेळ चाक पुढेमागे करत राहिले. शेवटी धाकटी कंटाळून म्हणाली, "काकी, झालं का?"

संध्याकाळी हे डार्करूममधून ओला फोटो घेऊन आले. फोटो तसाच होता, साय धरलेला.

मी खाली बसले. "लेन्स नाही हो," मी म्हटलं, "माझे डोळे चाललेत." आणि वडिलांचं सगळं त्यांना सांगितलं. ह्यांना सासरे आंधळे आहेत हे माहीत होतं, पण ते कशाने झाले, ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

हे मला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी थेंब घालून डोळा बधिर केला आणि बुबुळावर काहीतरी ठेवून दाब मोजला. मी ह्यांचा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगडीचा वण त्यांच्या मनगटावर उमटला. मग आणखी थेंब घातले, आतून तपासायला. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. वडिलांना होतं म्हणून दर वर्षी दाखवत जा."

माझा विश्वास बसला नाही. परत येताना त्या थेंबांमुळे एसटीतून सगळं विस्कटलेलं दिसत होतं. रस्ता, झाडं, कंडक्टरचा चेहरा. वडिलांना असंच दिसत असेल, या विचाराने मी भिवंडी येईपर्यंत डोळे मिटून बसले.

शुक्रवारी गावातले यंत्रमाग बंद असत. रस्ते ओस पडत, म्हणून आम्हीही स्टुडिओ उघडत नसू. त्या शुक्रवारी मात्र हे म्हणाले, "तू बस खुर्चीत. मी काढतो. बघू तरी." त्यांनी नव्या लेन्सने माझा फोटो काढला, मग जुनी लावून आणखी एक. तासाभराने दोन्ही फोटो माझ्यापुढे ठेवले. दोन्ही लख्ख होते. जुन्या लेन्सचासुद्धा.

म्हणजे लेन्स ठीक होती आणि कॅमेराही. उरले फक्त माझे डोळे.

"आता तू माझा काढ," हे म्हणाले.

"नको."

"काढ गं."

कापडाखाली मी रडतच चाक फिरवलं. फोटो धुऊन येईपर्यंत डार्करूमच्या दाराशी उभी राहिले. दार उघडलं, आणि आतूनच हे ओरडले, "अगं, हा बघ! माझ्या मिशीचे केस मोजून घे!"

तो फोटोही लख्ख होता. "मग आज वेगळं काय आहे?" हे म्हणाले. मग ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या भिंतीला तळहात लावला. भिंतीपलीकडे दिवाळीनंतर नवे माग बसवले होते. भिवंडीत मागांचा आवाज ऐकू येत नाही, तो असतोच. पण त्या दिवशी भिंत गप्प होती. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुरू झाली तेव्हा मी कॅमेऱ्याच्या स्टँडला हात लावला. लाकूड बारीक थरथरत होतं, ताप चढलेल्या माणसासारखं.

आम्ही कॅमेरा पुढच्या खोलीत नेला, मध्ये जाड पडदा लावला, आणि फोटो सुधारले. लेन्सचं मात्र ठरायचं होतं. ह्यांना ती हवीच होती. "आता तर बिनधास्त घेऊ. बघ ना, काय काम आहे!"

त्यांनी माझे दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले. नव्या लेन्सच्या फोटोत पापणीचा केस न् केस दिसत होता. डोळ्यांतली भीतीही तशीच दिसत होती, ओठ कसे आवळून धरले होते तेसुद्धा. जुन्या फोटोत मी नुसती गंभीर वाटत होते.

"आपल्याकडे मुली बसतात ना," मी म्हटलं, "त्यातल्या कितीतरी घाबरलेल्या असतात. फोटो अनोळखी घरात जाणार असतो. मला त्यांचं हे असं दाखवायचं नाही."

ह्यांनी दोन्ही फोटो पुन्हा उजेडात धरले. लेन्सवर त्यांचा जीव जडला होता, ते मला दिसत होतं. मग त्यांनी ती स्वतःच पुसून डबीत ठेवली आणि रविवारी कल्याणला परत देऊन आले.

डॉक्टरांकडे मी दर वर्षी गेले, अजूनही जाते. दाब मोजून झाल्यावर डॉक्टर कागदावर काहीतरी लिहितात आणि मान वर करून बोलायला लागतात. त्या मधल्या वेळात माझे हात अजून गार पडतात.