उपेंद्र ठोसर, लेफ्ट गार्ड

उपेंद्र ठोसर आयर्लंडमधल्या नावनमध्ये आमच्याच इस्टेटमध्ये, म्हणजे वसाहतीत राहतो, आमच्यापासून चार दारं सोडून. मूळचा नागपूरचा. डब्लिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधतो. बायको पद्मजा डॉक्टर, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये. उपेंद्र सहा फुटांहून उंच आणि रुंदीला दाराएवढा आहे. ग्रुप फोटोत त्याला कायम मागच्या रांगेत उभं करतात, तरी सगळ्यात आधी तोच दिसतो. चाळिशीपर्यंत या शरीराचा त्याला काडीचा उपयोग झाला नव्हता. विमानात त्रास, गाडीत त्रास, आणि मराठी मंडळात कोणाला घर बदलायचं असलं की पहिला फोन त्याला.

शरीराचा उपयोग सापडला तो एका रविवारी सकाळी. त्याची मुलगी तन्वी कमोगी खेळते, म्हणजे मुलींचं हर्लिंग, हॉकीसारखा आयरिश खेळ. तिला आणायला तो मैदानावर गेला होता. आठवडाभराच्या पावसाने मैदानाशेजारच्या गवताचा चिखल झाला होता, आणि त्यात एक व्हॅन रुतली होती. चार बाप भोवती उभे राहून सल्ले देत होते. उपेंद्रने हातातला चहा तन्वीला धरायला दिला, व्हॅनमागे गेला आणि ढकलली. व्हॅन निघाली. चालवणारा खाली उतरला, त्याने आधी व्हॅनकडे पाहिलं, मग उपेंद्रकडे. थँक्यू म्हणायच्या आधी त्याने वजन विचारलं.

त्याचं नाव डेक्लन. धंद्याने प्लंबर, आणि परिसरातल्या अमेरिकन फुटबॉलच्या हौशी टीमचा कोच.

"आयर्लंडमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतात?" उपेंद्रने विचारलं.

"खेळतात. पण जाड माणसं मिळत नाहीत," डेक्लन म्हणाला. "चांगली चांगली जाड माणसं रग्बीवाले नेतात."

आपल्याला चांगला जाड माणूस म्हणणारा मनुष्य उपेंद्रला पहिल्यांदाच भेटला होता. मंगळवारी तो प्रॅक्टिसला गेला.

या खेळात दोन्ही बाजूंच्या दणकट माणसांच्या दोन रांगा समोरासमोर वाकून उभ्या असतात. ज्यांच्याकडे बॉल, त्यांची रांग ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांच्यामागे क्वार्टरबॅक उभा असतो, तो बॉल फेकतो. त्याला वाचवायचं हे रांगेचं काम. समोरची रांग डिफेन्सिव्ह लाइन. तिचं काम त्याला आडवं करायचं. डेक्लनने उपेंद्रला डिफेन्समध्ये घातलं.

"पण मला नियम माहीत नाहीत," उपेंद्र म्हणाला.

"गरज नाही. बॉल हलला की समोरच्याला बाजूला सार आणि ज्याच्याकडे बॉल आहे त्याला पाड."

काम सोपं होतं असं नाही. बॉल कुठे जाणार हे माहीत नसायचं आणि बहुतेक वेळा दोघं दोघं त्याच्या अंगावर यायचे. पहिल्या मॅचनंतर तो घराचा जिना बसून चढला. पण तिसऱ्या मॅचमध्ये तो त्या दोघांच्या मधून आरपार गेला आणि समोरच्या क्वार्टरबॅकवर पडला. बघायला आलेले सगळे लोक, म्हणजे खेळाडूंच्या आया आणि गर्लफ्रेंड, उठून उभे राहिले. 'उपी, उपी' असा ओरडा झाला. शेजारी खेळणाऱ्या कोनरने त्याच्या हेल्मेटवर इतक्या आनंदाने थापा मारल्या की उपेंद्रला दुसऱ्या दिवसापर्यंत मान वळवता आली नाही. मान न वळवता तो आठवडाभर खूश होता.

पुढच्या वर्षी सीझनच्या सुरुवातीलाच टीमचा लेफ्ट गार्ड ऑस्ट्रेलियाला गेला. दर वर्षी कोणी ना कोणी जातोच. लेफ्ट गार्ड म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनमधला, मधल्या माणसाच्या डावीकडचा. डेक्लनने ती जागा उपेंद्रला दिली.

"जा, आराम कर," कोनर म्हणाला. "तिकडे नुसतं उभं राहायचं असतं."

उपेंद्रलाही तसंच वाटलं. बॉल कुठे जाणार हे आधी माहीत असतं, मग कठीण काय? कठीण काय ते त्याला पहिल्या प्रॅक्टिसमध्ये कळलं. इशारा व्हायच्या आत केसभरही हलायचं नाही. समोरचा हवा तसा येणार, आणि आपण त्याच्याकडे तोंड करून मागे मागे जात त्याला अडवायचं. त्याचा शर्ट धरून ओढला तर दंड. त्यातून रांगेतल्या पाचही जणांनी एकदम एकच काम करायचं. डिफेन्समध्ये चुकलं तर मागून दुसरा कोणी सावरायचा. इथे चौघं बरोबर आणि एक चूक म्हणजे चूकच. पहिल्या मॅचमध्ये तो इशाऱ्याआधी इतक्यांदा हलला की रेफरी दंडाचा पिवळा रुमाल टाकताना त्याच्याकडे बघेनासा झाला.

मग नावनमधली मॅच आली. क्वार्टरबॅक होता ओशिन, मेनूथच्या युनिव्हर्सिटीत शिकणारा काटकुळा पोरगा. ओशिनने बॉल घेतला, आणि समोरच्या रांगेतल्या दोघांनी पळता पळता आपसात जागा बदलल्या. अशा वेळी आपला माणूस शेजाऱ्याला सोपवायचा आणि येणारा नवा आपण घ्यायचा, असं शिकवलेलं होतं. उपेंद्र आपल्याच माणसामागे गेला. त्याने त्याला छान अडवलं. रिकाम्या जागेतून दुसरा आला, आणि ओशिनच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज उपेंद्रला पाठमोरा असताना ऐकू आला.

ओशिनला गाडीत घालून तोच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. ड्युटीवर पद्मजा होती. तिने ओशिनचा खांदा पाहिला, मग चिखलाने माखलेला नवरा पाहिला.

"कोणामुळे झालं हे?"

"माझ्यामुळे."

"अरे, पण तू याच्याच टीममध्ये आहेस ना?"

"म्हणूनच," उपेंद्र म्हणाला.

पद्मजाने ओशिनला एक्स-रेला पाठवून दिलं.

त्या आठवड्यात उपेंद्रला धड झोप लागली नाही. ऑफिसमध्ये दुसऱ्याची एखादी चूक सापडली की त्याला बरं वाटायचं, तेही वाटेना. त्याने डेक्लनला फोन करून सांगितलं, मला परत डिफेन्समध्ये घे, नाहीतर मी खेळ सोडतो. डेक्लन म्हणाला, "ग्रँड, चालेल. पण ओशिनला तू स्वतः सांग."

उपेंद्रची आई, विजयालक्ष्मीबाई, तेव्हा नागपूरहून आली होती. तिने डिंकाचे लाडू केले, हाड जुळायला. ते घेऊन उपेंद्र मेनूथला गेला. ओशिनचा हात गळ्यात होता. त्याने एका हाताने दोन लाडू खाल्ले आणि उपेंद्रचं बोलणं ऐकून घेतलं.

"नको सोडू," तो म्हणाला.

"माझ्यामुळे तुझं हाड मोडलं."

"हो ना. म्हणजे ही चूक तू परत करणार नाहीस. नवा माणूस आला की पहिल्यापासून सुरुवात करेल. मला दुसरा खांदा आहे, पण एकच आहे." मग म्हणाला, "मी बॉल फेकताना लांब बघतो, उपी. तुमच्याकडे बघावं लागलं तर मला फेकताच येत नाही. बघावं लागू नये, एवढंच कर."

उपेंद्र घरी गेला आणि कॉफी टेबल भिंतीला लावून बैठकीच्या खोलीत मागे मागे चालायला लागला. गुडघे वाकलेले, हात छातीसमोर. रोज ऑफिसचं काम संपलं की हेच. पद्मजा दिवसभराची दमलेली असली तरी उशी घेऊन समोरून यायची. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. तन्वीलाही ती बरोबर घ्यायची, आणि दोघी मध्येच जागा बदलायच्या. "डॅड, यू'र लुकिंग अ‍ॅट मॉम अगेन," तन्वी ओरडायची.

विजयालक्ष्मीबाई सोफ्यावरून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला बाजूला घेतलं. "काहून वो, हा उलटा काहून चालून राहिला? तू डॉक्टर आहेस, कोणाले दाखवलं का नाही?"

"खेळ आहे आई तो."

"पण यात पुढे जात नाहीत का?"

"दुसरा जातो. हा मागे राहतो."

बाईंनी विचार केला. "याच्या बाबाचंही असंच होतं," त्या म्हणाल्या.

सीझनच्या शेवटी ओशिन बरा होऊन परतला. शेवटची मॅच स्लायगोला होती, आणि आम्ही सगळे गेलो होतो. वारा असा की छत्र्या गाडीतच ठेवल्या. माझं खेळाकडे फारसं लक्ष नव्हतं, मी फक्त उपेंद्रकडे बघत होतो. तो वाकायचा, मागे सरकायचा, कोणालातरी अडवायचा, पुन्हा वाकायचा. एकदा समोरच्या दोघांनी जागा बदलल्या. उपेंद्रने आपला माणूस शेजारच्याकडे ढकलला आणि नव्याला छातीवर घेतलं. मागून बॉल त्याच्या डोक्यावरून लांब गेला आणि टीमला गुण मिळाले. सगळे बॉल झेलणाऱ्याकडे धावले. उपेंद्र तिथेच उभा होता. ओशिन त्याच्याकडे न बघताच पुढे पळत गेला. उपेंद्रचा चेहरा हेल्मेटमध्ये होता, पण मला वाटतं तो हसत होता.

"यानं तर काहीच नाही केलं," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या.

"हो ना!" पद्मजा म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. वारा होताच.

अगदी शेवटी आम्ही थोड्याच गुणांनी पुढे होतो आणि बॉल स्लायगोकडे होता, आमच्या गोलरेषेच्या तोंडाशी. आमच्या डिफेन्समधला एक जण लंगडत बाहेर आला, आणि डेक्लनने उपेंद्रला आत पाठवलं. समोर त्यांचा गार्ड वाकला होता. उपेंद्रने त्याच्या जमिनीवर टेकलेल्या हाताकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. पुढे मुसंडी मारायची असली की माणूस असा हातावर भार टाकतो, मागे जायचं असलं की नाही. हे उपेंद्रला वर्षभरात स्वतःच्या बोटांवरून कळलं होतं. तो खाली घुसला आणि बॉल घेऊन येणारा थेट त्याच्यावर येऊन आदळला. थांबला. आम्ही ओरडलो.

पुढच्या खेपेला पेरं पुन्हा पांढरी होती. उपेंद्र पुन्हा खाली घुसला, पण या वेळी ती हूल होती, आणि त्यांनी बॉल आरामात त्याच्या डोक्यावरून फेकला. मॅच गेली.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर चहा घेताना कोनरने त्याला विचारलं, "आता दोन्हीकडे खेळलास. खरं सांग, कठीण कुठलं?"

"अंगाला डिफेन्स," उपेंद्र म्हणाला. "आज पाचच मिनिटं खेळलो आणि सगळं दुखतंय. पण तिकडे मी दिवसभर चुकलो आणि एकदा पाडला, तर तू माझी मान मोडेपर्यंत थापा मारतोस. इकडे दिवसभर बरोबर आणि एकदा चुकलो, तर ओशिन पद्मजाकडे."

"म्हणजे ऑफेन्स."

"म्हणजे ऑफेन्स."

कोनरला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. दोघं प्रॅक्टिसला एकाच गाडीतून जातात आणि वाटेत हाच वाद घालतात.

विजयालक्ष्मीबाई नागपूरला परत गेल्या आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं की उपेंद्र तिकडे गार्ड झालाय. आयर्लंडमध्ये पोलिसांना गार्ड म्हणतात, हे कॉलनीतल्या एकाला ठाऊक होतं. महिन्याभरात उपेंद्रला अभिनंदनाचे फोन येऊ लागले. एका मावसभावाने पगार किती आणि बंदूक देतात का, असं विचारलं. उपेंद्रने खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. मावसभावाने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "मग बॉल तुझ्या हातात कधी येतो?"

"येत नाही. मी पास झेलला तर दंड होतो."

 मग मावसभाव म्हणाला की पोलिसाचंच ठीक आहे, घरच्यांना तेच सांगतो.