चुका काढलेलं घर

"बघा आणि शिव्या द्या," असं म्हणून तो कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवायचा आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा. वय मात्र चाळिशीचं.

मंगळवार पेठेतल्या माझ्या माडीवर तो पाच वर्षं भाड्यानं होता. आता खोलीला कुलूप आहे. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करून तो बिल्डरांना द्यायचा. तुम्ही बघितलं असतं तर फोटोच म्हणाला असता. सिमेंटच्या उघड्या भिंती, सपाट छत आणि खालपासून वरपर्यंत काच.

पहिलं चित्र दाखवलं तेव्हा मी विचारलं, "दार कुणीकडं?"

"पूर्वेला, आजी."

"आणि वेळ?"

"सकाळची."

"मग दारात सावली कशी रं? ऊन पाठीमागनं येतंय की!"

त्यानं कपाळावर हात मारला. मी चौथीपर्यंत शिकले, पण तीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहिल्या. जेवायला सावली कुठं मिळणार हे आम्हा बायकांना भिंत उठायच्या आधी कळायचं. त्या दिवसापासून प्रत्येक चित्र आधी माझ्यासमोर यायला लागलं.

मग त्यानं स्वतःचं घर काढायला घेतलं. शिरोळकडचं त्यांचं मातीचं घर पुरात बसलं होतं. तेव्हापासून आई, तो तिला अव्वा म्हणायचा, इचलकरंजीला लेकीकडे होती. लेक चांगली होती. तरी म्हातारी रोज फोनवर एकच विचारायची, "माझ्या घरात कधी नेतोस?" गावातच उंचावर जागा घेऊन झाली होती. फक्त बांधायचं राहिलं होतं.

मी चुका काढत गेले. "काचेवर छज्जा न्हाय. पाऊस आडवा येतो, म्हातारी घसरून पडंल." त्यानं छज्जा केला. "पायऱ्या उंच हायत." बुटक्या केल्या. "भांडी घासायला बाहेर जागा कुठाय? का कपाटात घासायची?" तो हसला आणि तीही केली. दर खेपेला चित्र चांगलं होत गेलं आणि पायाचा दिवस पुढं गेला. मला ते कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं. पण या वयात कुणी आपल्याला विचारतंय, याची चटक लागते.

शेवटी मीच ओरडले, "बांध की आता! म्हातारी काय चित्रात राहणार हाय व्हय?"

"एकदाच बांधायचं हाय, आजी. चूक राहिली तर अव्वाला त्रास."

अशी दोन वर्षं गेली. पावसाळा संपल्यावर जमिनीवर फक्कीनं घराची आखणी झाली. पाया खणायला माणसं यायची होती. चौथ्या दिवशी अव्वा गेली, लेकीच्या घरात.

मी मातीला गेले. त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवून नेतात. कपाळाला विभूती लावलेली म्हातारी फुलांच्या मखरात बसली होती. गावात पोचल्यावर भाऊबंद म्हणाले, उशीर झालाय, सरळ मातीला नेऊ.

"माणूस आपल्या घरातनं निघतं," तो म्हणाला.

"अरे, घर कुठाय तुझं?"

तो पुढं चालायला लागला. सगळे मागोमाग.

तिथं मोकळी जमीन होती आणि पांढऱ्या फक्कीच्या रेघा. मखर उचललेली माणसं जवळच्या रेघेवरूनच आत निघाली. तो दोन्ही हात पसरून आडवा आला.

"तिथं भिंत हाय. दार हिकडनं हाय."

खांद्यावर ओझं घेऊन माणसं वळली. रेघेच्या कडेनं अख्खा वळसा घालून, जिथं रेघ तुटली होती तिथनं एकामागून एक आत गेली.

"सोप्यात बसवा," दारालगतच्या पुढच्या खोलीच्या चौकोनाकडं हात करून तो म्हणाला. त्यांनी बसवली.

मागून आम्ही सगळे होतो. रेघ तुटलेल्या जागी पुढच्या माणसानं चपला काढल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण मग सगळ्यांनी काढल्या.