चाकामागचा दगड

मी गाडी शिकलो ती मामाच्या जीपवर. मामा किन्हवली ते शहापूर प्रवासी जीप चालवायचा. तिचा हँडब्रेक नावालाच होता, त्यामुळे चढावर थांबलं की मागच्या चाकाला दगड लावायचा, हा पहिला धडा. दुसरा धडा निघताना. मी गिअर टाकला की मामा विचारायचा, "दगड उचलला का रे? गाडी चालवाया कोन बी शिकल. दगड उचलाया शिक." रस्त्यात राहिलेला दगड मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा घात करतो, म्हणून. एकदा विसरलो, तर भर उन्हात त्याने मला अर्धा किलोमीटर मागे चालत पाठवलं होतं.

आता मी मुरबाडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, नवी गाडी आहे, आणि गाड्यांचं वेड असलेल्या पाच जणांचा आमचा ग्रुप आहे. रविवारी सकाळी वैशाखऱ्याला चहा घ्यायचा, माळशेज घाट चढायचा आणि बोलायचं ते फक्त गाड्यांवर. तीन सिलिंडरचं इंजिन थरथरतं का, टर्बो कितव्या आरपीएमला जागा होतो, पत्रा जाड म्हणजे गाडी मजबूत हा समज किती अडाणी. मी असा तावातावाने बोलतो की कोणी माझ्या तोंडाला लागत नाही. मामाचा विषय मात्र मी तिथे कधी काढला नव्हता. गाडी कुठे शिकलास, तर कल्याणच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, असं ठोकून दिलं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. घाटाच्या चढावर आम्ही कडेला थांबलो. माझ्या गाडीचं इंजिन सगळ्यांना बघायचं होतं. मी उतरलो आणि बॉनेट उघडायच्या आधी, काही विचार न करता, कठड्यातून निखळलेला पांढऱ्या रंगाचा एक दगड उचलून मागच्या चाकाला लावला. हातच तसे वळलेले. चौघं पोट धरून हसले.

"अरे, बटणाचा हँडब्रेक आणि वर धोंडा? जीपवाला आहेस का तू?"

मीही हसलो. कान तापले होते. निघताना दगड आठवला नाही असं नाही, चांगला आठवला. पण त्या चौघांच्या डोळ्यांदेखत पुन्हा उतरून तो उचलायची मला लाज वाटली. बटण दाबलं आणि निघालो.

तासाभराने परत उतरताना त्याच जागी एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली. घाटात वर करवंदं विकायला निघालेलं नवरा-बायकोचं जोडपं होतं. त्याचं कोपर सोलवटलं होतं, तिचं मनगट टम्म सुजलं होतं. टोपली उलटली होती, करवंदांचा चिखल झाला होता. त्याच्या मधोमध तो पांढरा दगड.

"आपल्याकडे गाड्या आल्या, पण ड्रायव्हिंगची अक्कल आली नाही," आमच्यातला एक म्हणाला. "कुठल्या गाढवाने ठेवला हा?"

त्यांना नसेल ओळखू आला, मला आला. मी मान हलवली, "हो ना," म्हणालो, आणि दगड उचलून कठड्यापलीकडे टाकला. पडलेल्या माणसाने हात जोडले. "द्येव तुमचा भला करो, सायेब. असा कोन नाय उचलीत."

दोघांना दवाखान्यात मीच नेलं. ती बाई सीटच्या कडेला टेकून बसली होती, लुगड्याला लागलेल्या करवंदांचा डाग सीटला लागू नये म्हणून. "नीट बसा मावशी," म्हणालो, तरी ती तशीच बसली. माझी गाडी जपत होती ती. पुढचे दहा-बारा किलोमीटर मी आरशात बघितलं नाही. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. जीभ उचललीच नाही.

दगड उचलताना कोणीतरी माझा फोटो काढला होता. तो ग्रुपवर आला, तिथून कुणाकुणाच्या स्टेटसला, आणि संध्याकाळपर्यंत किन्हवलीला पोचला. मामाचा फोन आला. आवाज भरलेला.

"इसारला नाय रे तू. नाक्यावर सगल्यांना दाखवला मी. सांगितला, मीच शिकवलाय त्याला."

"हो मामा," म्हणालो.

मामाची जीप आता बंद आहे. तो फोटो त्याने फोनमध्ये जपून ठेवलाय. आल्या-गेल्याला दाखवतो. मी गेलो की मलाही दाखवतो.