गाडी थोरल्याची

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी दादा गेला. तो ऑफिसात होता. वहिनीचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो.

गाडी दादाची होती.

वडिलांनी ती कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. मद्रासकडे बनलेली, दोन दारांची, फिकट निळी. तिचं अख्खं नाक पुढे कलंडून उघडायचं, आणि मग तिच्याच पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता यायचं. वळायची इतक्या थोड्या जागेत, की रिक्षावालेही बघत राहायचे. डावीकडे जोरात वळवली तर उजवं दार उघडायचं, म्हणून एक हात दाराला लागायचा. कात्रजच्या घाटात इंजिनाशेजारचा पेट्रोलचा पंप तापला की ती थांबायची. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दरीकडे बघत उभं राहायचं आणि तिला वाटेल तेव्हा निघायचं.

"गाडी थोरल्याची, पुस्तकं धाकट्याची," असं वडील जाण्याआधी बोलून गेले. मला वाटतं ते वाटणी करत नव्हते, आम्हाला आपण किती ओळखतो ते सांगत होते. दादा इंजिनिअर, मी सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. चूक कोणाला दिसणार? फक्त गाडीचं मॅन्युअल पुस्तकांच्या कपाटात होतं, त्यामुळे ते माझ्या वाट्याला आलं. गाडी त्याच्याकडे आणि ती कशी चालते ते माझ्याकडे, असं दोनेक वर्षं चाललं. रात्री कादंबऱ्या वाचाव्यात तसं मी ते मॅन्युअल वाचायचो.

मग हिंजवडीला कंपन्या आल्या. दादा कारखाना सोडून कॉम्प्युटरकडे वळला, बाणेरला फ्लॅट घेतला, नवी गाडी घेतली. तिथल्या पार्किंगमध्ये एकाच गाडीची जागा होती. "काही दिवस तुझ्याकडे राहू दे रे," म्हणत त्याने जुनी गाडी माझ्या बिबवेवाडीच्या सोसायटीत आणून लावली. त्या काही दिवसांत त्याच्या तीन नव्या गाड्या झाल्या. जुनी माझ्याकडेच राहिली.

सोसायटीत तिचा राग होता. "अहो, ही गाडी आहे की स्मारक?" असं आमचे चेअरमन येता-जाता विचारायचे. "स्मारक असेल तर कठडा बांधून घ्या, नसेल तर हलवा." दर रविवारी पहाटे मी ती हलवायचो. कात्रजपर्यंत जाऊन यायचो. पण त्या वेळी बघायला कोणी नसायचं, आणि चेअरमन उठेपर्यंत ती जागच्या जागी परत उभी असायची.

दसऱ्याला मात्र दादा यायचा. आदल्या दिवशी मी गाडी धुऊन, पुसून, प्लग साफ करून ठेवायचो. तो ताज्या इस्त्रीच्या झब्ब्यात उतरायचा. वहिनी झेंडूचा हार आणायची. हार दादा घालायचा, नारळ दादा फोडायचा, चाकाखाली लिंबू दादा ठेवायचा. गाडी त्याची, तेव्हा पूजा त्याची. त्यात वावगं काहीच नव्हतं. मी बादली घेऊन बाजूला उभा राहायचो. मग तो दार उघडायचा, सीटखालची कडी ओढून सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलायचा, कारण तो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता, आणि सगळ्यांना घेऊन पर्वतीपर्यंत फेरी मारायचा. परत आला की सोसायटी जमायची. वर्षभर नाकं मुरडणारे फोटो काढून घ्यायचे.

"कशी काय ठेवलीत हो अजून?" चेअरमन त्याला विचारायचे.

"प्रेम लागतं," दादा म्हणायचा.

मग किल्ली माझ्याकडे. "आत लावून ये रे."

इतक्या वर्षांत एकदाही तो "यंदा तू चालव" म्हणाला नाही. मीही मागितलं नाही. पुढच्या रविवारी निघताना मी सीट पुन्हा पुढे ओढायचो. कडी जोरात ओढायचो, एवढंच.

शेवटच्या दसऱ्याला त्याची नवी गाडी बिनक्लचची होती. जुनी चालू करताना त्याचा डावा पाय रिकाम्या जागी पडला, आणि गाडी गेटमध्येच धक्का खाऊन बंद पडली. सगळे बघत होते.

"क्लच घट्ट केलास का रे?"

"क्लच आहे तसाच आहे. पाय विसरला तुझा."

तो हसला. मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात ते वाक्य मी मनात बऱ्याचदा म्हणून पाहिलं. गुरुवारी, रजा असल्यामुळे, तेलगळती बघायला गाडीखाली शिरलो तेव्हाही तेच मनात चाललं होतं.

तेराव्याला वहिनी म्हणाली, "भाऊजी, गाडी आता तुम्हीच ठेवा."

मी मान हलवली.

"तुमच्यावर जळायचे ते," ती पुढे म्हणाली. "म्हणायचे, वर्षभर मजा त्याची, मी आपला एका दिवसाचा पाहुणा. किल्ली परत देताना त्यांचा चेहरा तुम्ही कधी बघितलाच नाहीत."

हे ऐकून मन हलकं व्हावं, असं तिला वाटत असणार. तसं झालं नाही. गाडी, हार, फोटो, सगळं त्याचंच होतं. जळणं तेवढं माझं एकट्याचं आहे असं मी धरून चाललो होतो. त्यातही त्याचा वाटा निघाला. घरी येऊन मी गाडीत बसलो आणि पहिल्यांदा रडलो. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते.

यंदाच्या दसऱ्याला हार मी घातला, नारळ मी फोडला. वहिनी मागे बसली. पर्वतीपर्यंत जाऊन आलो. गेटमध्ये चेअरमन उभे होते. त्यांनी आत वाकून पाहिलं.

"अहो, सीट पुढे घ्या की. पाय ताणून बसलायत नुसते."

"अडकलीय," मी म्हणालो.

सीटच्या रुळांना गेल्याच महिन्यात मी तेल दिलं होतं.

गाडी माझ्याकडे आहे. सीट शेवटच्या खाचेत आहे. पाठीशी उशी घेऊन मी ती चालवतो.