जातेच आहेस तर

गाडी घेतली तेव्हाच मी ठरवलं होतं, एक दिवस एकटीने समुद्राच्या रस्त्याने जायचं. गाडी जुनी आणि छोटी, पण माझ्या पगारातून घेतलेली. मोहोपाड्याच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं पॅकिंगला उभी राहते. कुंभिवलीजवळच्या आमच्या घरातून कंपनी आणि कंपनीतून घर, एवढीच त्या गाडीची धाव. घरात सासूबाई, नवरा, दीर-जाऊ आणि त्यांची मुलगी. खोलीचं दार जरा लोटून बसलं की बरं नाही का म्हणून विचारायला कुणीतरी येतंच. सगळी चांगली माणसं आहेत आणि तीच तर अडचण आहे. भांडायलाही काही मिळत नाही.

अलिबागच्या पुढचा तो रस्ता मी लग्नाच्या वर्षी एकदाच पाहिला होता. पाहिला म्हणजे काय, कुणाच्या तरी साखरपुड्याला टेंपोत मागे बसून गेलो होतो आणि ताडपत्रीच्या फटीतून जेवढा दिसला तेवढा समुद्र दिसला. मला तो अख्खा बघायचा होता, आणि शेजारी बसून ‘बघ, बघ’ म्हणणारं कुणी नको होतं.

एका सकाळी चहाच्या वेळी मी सांगून टाकलं, की येत्या रविवारी मी मुरूडपर्यंत जाऊन येणार आहे. एकटी. सासूबाईंनी विचारलं, कशाला? नवरा म्हणाला, त्याला रविवारी कामाची पाळी आहे, नाहीतर तोही आला असता. मी मनात म्हटलं, म्हणूनच रविवार.

मग दिराला आठवलं, की मुलीच्या लग्नाच्या पत्रिका त्या बाजूला द्यायच्या राहिल्यात. सासूबाईंचा चेहरा उजळला. जातेच आहेस तर पत्रिका देऊन ये, म्हणाल्या. जातेच आहेस तर सुकट आण, हे जावेचं. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण पत्रिकांमुळे माझ्या जाण्याला एकदाचं कारण मिळालं होतं आणि सगळ्यांना हायसं वाटलं होतं. मीही लबाड, हळदकुंकू लावलेल्या पाच पत्रिका मुकाट्याने पिशवीत घातल्या.

पत्रिका फाटकातून देऊन निघता येत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बसावं लागतं, पाणी, चहा, मुलीला दिलंय कुठे, मुलगा काय करतो. आमच्याकडच्या शिळफाट्यावरून सातला पेणचा रस्ता धरला, तर पेणच्या आत्यांकडेच साडेनऊ वाजले. नागावला जेवायला बसवलं. चौलला पुन्हा ताट वाढलं. प्रत्येक घरी पहिला प्रश्न एकच, एकटीच आलीस? आणि मी गाडी सुरू करायच्या आत त्या घरातून पुढच्या घरी फोन गेलेला असायचा, निघाली म्हणून. समुद्र कुठेतरी माडांच्या मागे वाजत होता. मी पाहुण्यांच्या ओटीवर बसून लाडू खात होते आणि आतून इतकी चिडले होते की रेवदंड्याला नवऱ्या मुलाचं गावच चुकीचं सांगितलं.

तीनच्या सुमाराला साळावचा पूल ओलांडला. आता फक्त नांदगावची, म्हणजे नणंदेची पत्रिका उरली होती. काशिदच्या अलीकडे रस्ता एकदम पाण्याला येऊन लागला. मी गाडी कडेला घेतली, चावी काढली आणि कठड्यावर जाऊन बसले.

भरती होती. खालच्या काळ्या खडकांवर पाणी चढत होतं, उतरत होतं. मी चपला काढल्या. घरातल्या कुणाचीही मला आठवण आली नाही आणि त्याची लाजही वाटली नाही. इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. वीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात नणंदेचा फोन.

“वयनी, कुठं अडकलीस गं? रेवदंड्यावरून तर कवाच निघालीस.”

बसलेय, एवढंच म्हणायचं होतं. पण एकटी बाई रस्त्याच्या कडेला बसलीये म्हटल्यावर हजार प्रश्न आले असते. तोंडातून निघून गेलं, “गाडी बंद पडली.”

मला वाटलं, एक तास मिळाला. मिळाला अर्धा. नणंदेचे यजमान मोटारसायकल हाणत आले. मी चपला घालेपर्यंत त्यांनी बॉनेट उघडून बघितलं, बंद केलं आणि कठड्यावरची चावी घेऊन फिरवली. गाडी अर्थातच पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. आता तुम्ही चालवू नका म्हणाले. मोटारसायकल जवळच्या हॉटेलाशी लावली आणि स्वतः गाडी चालवत मला नांदगावला नेलं. रात्री नणंदेने सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीत रजा टाकून नवरा एसटीने मला न्यायला आला.

परतताना गाडी त्याने चालवली, त्यामुळे समुद्र माझ्या बाजूला होता. काशिद सोडल्यावर त्याने वेग कमी केला.

“हितंच बंद पडली ना?”

“हो, इथंच.”

त्याने गाडी थांबवली. दोघं कठड्यावर बसलो. तो मनापासून बघत होता, मला होडी दाखवत होता. मग म्हणाला, “जागा झ्याक हाय. पण एकटीनं काय बघायचं गं? आता दोघंच येत जाऊ.”

मी हो म्हटलं. त्याच्या आवाजात इतकी माया होती की दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

घरी आल्यावर त्याने गाडी शिळफाट्यावरच्या गॅरेजला दाखवली. मेकॅनिकला काही सापडलं नाही. त्यामुळे नवरा जास्तच घाबरला. सापडलेलं दुरुस्त तरी होतं, हे कधी उलटेल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून मोहोपाड्याच्या पुढे गाडी एकटीने न्यायची नाही असं ठरलं आहे. लग्न झालं, सुकट संपली, पण हा नियम अजून कायम आहे.

खरं सांगून टाकावं असं कितीदा तरी ओठावर येतं. पण खरं सांगायचं म्हणजे, मला एक दिवस तुम्ही कुणीच नको होतात, हे सांगायचं. त्यापेक्षा बिघाड बरा. मी रोज सकाळी चावी फिरवते, गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, आणि ओट्यावरून नवरा विचारतो, “झाली ना नीट चालू?”